उत्तर नको असलेले प्रश्न

(गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथील बैठकीत केलेले भाषण)



वक्तृत्व स्पर्धेत बोलणारी मुलं-मुली इथं बरीच दिसतात. म्हणून आज भाषणातल्या एकाच हत्यारावर बोलतो. प्रश्नावर.

"मी काय वेडा आहे?" असं आपण म्हणतो तेव्हा उत्तर नको असतं. रूप प्रश्नाचं, अर्थ नकाराचा. "आईची माया कोणाला नको असते?" यात 'नको' आहे, पण अर्थ 'सर्वांना हवी असते' असा. शाळेत वाक्यरूपांतर म्हणून हे आपण घोकलेलं आहे. उर्दूत पहिल्याला इस्तिफहाम-ए-इन्कारी म्हणतात, दुसऱ्याला इकरारी. सूरह रहमानच्या 78 आयतींत एकच प्रश्न 31 वेळा येतो. दर वेळी ऐकणारा क्षणभर थांबतो, स्वतःशी उत्तर देतो.

सभेत बऱ्याचदा उलटं होतं. सरळ विधान केलं तर कुणीतरी पुरावा मागेल. तेच प्रश्न करून फेकलं की टाळ्या मिळतात आणि पुरावा राहून जातो.

काही वर्षांपूर्वी, हळद शिजवण्याच्या दिवसांत, एका गावच्या बैठकीत वक्त्यानं आवाज चढवून विचारलं, "पोरी शिकून काय करणार आहेत?" बाप्ये हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मागून एक बाई उठल्या. हा प्रश्न उत्तरासाठी नाही हे त्यांना कळलं नव्हतं, की चांगलंच कळलं होतं, अल्लाह जाणे. आपल्या दखनीत म्हणाल्या, "बोलूं क्या, भाई?" आणि सांगू लागल्या. मालक वारले तेव्हा दिरानं कागद पुढं केला, त्यांनी न वाचता अंगठा लावला, रान गेलं. घरात पोरगी होती; तिला चौथीतूनच काढलेली. ती शिकली असती तर तिनं कागद वाचला असता.

वक्त्याकडं पुढचं वाक्य नव्हतं. भाषण पाठ केलेलं, त्यात उत्तराला जागाच नव्हती.

प्रसंग आणि समोरचा माणूस ओळखून बोलणं, याला आपल्याकडं बलागत म्हणतात. त्या दिवशी ती त्या बाईंकडं होती.

तेव्हा भाषण लिहिताना जिथं प्रश्नचिन्ह टाकाल, तिथं खाली त्याचं खरं उत्तर लिहून बघा. उत्तर सांगायची लाज वाटली, तर प्रश्न खोडा.

माझा कागद इथं संपला. आता तुम्ही विचारा. मागं बसलेल्या बहिणींपासून सुरुवात करू.