दयेच्या गुणांनी कोणाचे भले झाले?

(अंबाजोगाई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात एका निवृत्त माध्यमिक शिक्षकाने केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

संयोजकांनी मला 'ग्रामीण विद्यार्थ्यांमधील अभ्यासवृत्तीचा अभाव' असा विषय दिला होता. तो स्वीकारताना मी त्यांना कळविले, की यातला 'अभाव' हा शब्द मला मान्य नाही आणि त्या शब्दाशी भांडण्यासाठीच मी येणार आहे. त्यांनी तरीही बोलावले, याबद्दल त्यांचे आभार.

ज्याने उसाचा फड जवळून पाहिला आहे, तो बीड जिल्ह्यातल्या सोळा वर्षांच्या मुलाला कष्टाची सवय नाही, असे म्हणण्याचे धाडस करणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज या भागांतल्या टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जातो, कोणी सातारा-पुण्याकडे, कोणी सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटकडे. अंधार असतानाच उठायचे, थंडीने बोटे वळत नसताना ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. परंतु त्या कोयत्याच्या मागे नववी-दहावीतल्या मुलाचेही दोन हात असतात आणि त्या दोन हातांचा हिशेब कोणाच्याही वहीत नसतो. अशा मुलाला आळशी ठरविणारे पांढरपेशे लेख मी गेली चाळीस वर्षे वाचत आलो आहे. त्यांच्याविषयी यापेक्षा अधिक बोलण्याची मला गरज वाटत नाही.

पण मग हाच मुलगा पुस्तक उघडले की अर्ध्या तासात जांभया का देतो? हा प्रश्न टाळून आपल्याला चालणार नाही. माझे उत्तर असे आहे, की फडावर त्याच्याकडून काहीतरी अपेक्षित असते. मोळी नीट बांधली नाही तर ती सुटते, सुटली तर बाप ओरडतो, आणि बांधली तर ती मोजली जाते. शाळेत त्याच्याकडून कोणालाच काही अपेक्षित नाही. त्याने निबंध लिहिला काय आणि न लिहिला काय, वहीवर लाल शाईची खूण उमटत नाही. ज्या श्रमाची कोणी दखल घेत नाही, तो श्रम माणूस फार दिवस करीत नाही. हा काही मुलांचाच स्वभाव नव्हे. आपल्यापैकी किती जणांनी पक्षाची प्रपत्रे भरून पाठविणे कोणत्या कारणाने सोडून दिले, ते आठवून पाहा.

१९७२-७३ च्या दुष्काळात मी अकरावीत होतो. त्या काळी शालान्त परीक्षा अकरावीची असे; दहावीची परीक्षा १९७५ पासून आली. आमच्या घरातली सगळी माणसे दुष्काळी कामावर होती, आणि शाळा सुटल्यावर मीही खडी फोडीत असे. सुकडी खाऊन वाढलेली आमची ती पिढी. आमचे गणिताचे गुरुजी रोज दहा उदाहरणे घालीत आणि सकाळी वह्या गोळा करीत. एके दिवशी मी सांगितले, की काल खडीवर होतो, उदाहरणे झाली नाहीत. ते रागावले नाहीत. "तिथे ब्रास मोजून घेतात ना? मग मीही मोजून घेणार," एवढेच म्हणाले आणि संध्याकाळी मला स्वतःच्या घरी कंदिलाशी बसविले. त्यांच्या घरीही त्या वर्षी दोन वेळा चूल पेटत नव्हती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्यांना माझी दया येत नसेल, असे मी म्हणणार नाही. पण त्या दयेपोटी त्यांनी एकही उदाहरण कमी केले नाही. त्यांनी कंदील दिला. माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचा मथितार्थ या दोन गोष्टींतच आहे.

पुढे काय झाले, ते आपण सगळे जाणतो. उदाहरणे कमी होत गेली आणि कंदीलही गेला. राज्य मंडळाचे दहावीचे निकाल पाहा. २०१८ साली ८९.४१ टक्के. २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातचे २० गुण काढून घेतले, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. आरडाओरडा झाला, गुण परत आले, आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हे खरे. पण तेवढ्याने अठरा टक्क्यांची उडी समजत नाही. महाराष्ट्रातली मुले एका वर्षी मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी बुद्धिमान झाली, असे ज्याला मानायचे असेल त्याने मानावे. २०२१ साली तर परीक्षा झालीच नाही, आणि निकाल लागला ९९.९५ टक्के! तो महामारीचा अपवाद होता, म्हणून मी त्याची थट्टा करीत नाही. पण अपवादाच्या वर्षाचा आकडा आणि नेहमीच्या वर्षांचे आकडे इतके जवळ यावेत, याची लाज कोणाला तरी वाटायला हवी होती.

२०२४ साली आणखी एक सूचना राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातून पुढे आली: गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी अकरावीला जाऊ द्यावे, मात्र या विषयांशी संबंधित पुढचे शिक्षण घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा. आपल्यापैकी काहींनी या सूचनेचे स्वागत केले, गरिबाचे पोर अडणार नाही म्हणून. मला त्यात एक बंद होणारे दार दिसले. पंधराव्या वर्षी ज्याच्या कागदावर असा शेरा पडेल, तो मुलगा कोणाचा असेल? पुण्याच्या शिकवणीवर्गात लाखभर रुपये भरणाऱ्याचा तो नक्कीच नसेल.

आता कॉपीविषयी. हे बोलणे मला जड जाते. गैरप्रकारांना आळा घालणारा कायदा राज्यात १९८२ पासून आहे. भरारी पथके झाली, २०२५ साली केंद्रावरचे पर्यवेक्षक बदलण्यापर्यंत आणि ड्रोन उडविण्यापर्यंत मजल गेली. आपल्या जिल्ह्याचे नाव या बाबतीत दरवर्षी वर्तमानपत्रांत येते आणि आपण चिडतो. आमच्या शिक्षकखोलीत एक जण म्हणत असे, की इथल्या पोराचे अर्धे वर्ष कोपीत जाते आणि उरलेले कॉपीत. तेव्हा आम्ही हसत होतो.

त्या हसणाऱ्यांत मीही होतो, म्हणून माझी स्वतःची गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकातली आहे. दहावीच्या बीजगणिताच्या पेपराला मी पर्यवेक्षक होतो. माझ्या वर्गातला एक मुलगा चार महिने कारखान्यावर राहून परीक्षेपुरता आला होता. कोऱ्या उत्तरपत्रिकेकडे पाहत बसला होता. शाळेचा निकाल खाली गेला असता तर तुकडीवर गंडांतर आले असते. पण ते कारण मी पुढे करणार नाही. मला त्याची दया आली. मी त्याच्या शेजारच्या मुलाला सांगितले, की उत्तरपत्रिका जरा अलीकडे सरकव. तो मुलगा पास झाला. त्याच्या बापाने मला पेढा आणून दिला, आणि मी तो खाल्ला.

दहा-बारा वर्षांनी तो माझ्या दारात आला. लग्न झालेले, स्वतःचा कोयता धरलेला. हातात मुकादमाच्या वहीवरून उतरवून घेतलेला कागद होता. "सर, एवढं बघून द्या. हंगाम संपला तरी माझ्याच अंगावर बाकी निघती," म्हणाला. उचल किती, टनाचा दर किती, मुकादमाचे कमिशन किती, आजारपणाच्या खाड्यांचे किती कापले, एवढाच तो हिशेब होता. सातवीचे गणित. मी मांडून दाखविले. बाकी निघत होती खरी, पण कागदावर होती त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. ते त्याला समजेपर्यंत दीड तास गेला. त्याच्या घरी ट्रंकेत माझ्या कृपेचे दहावीचे प्रमाणपत्र होते. त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही. जाताना पाया पडला. त्या दिवसापासून 'गरिबाचं पोर आहे, जाऊ द्या' हे वाक्य मला ऐकवत नाही.

मित्रहो, हे वाक्य सर्वांत जास्त वेळा कोणाच्या तोंडी असते? आपल्या. परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या भिंतीपलीकडे जे जमतात, त्यांत आपलेही तरुण असतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. विरोधी मत मला ठाऊक आहे: ज्याला शाळेत बसूच दिले नाही, त्याच्याकडून अभ्यासाची अपेक्षा धरणे हा अन्यायावर अन्याय आहे. युक्तिवादाचा पहिला भाग पूर्ण खरा आहे. परंतु त्यातून निघणारी मागणी मुलाला शाळेत बसविण्याची असायला हवी. आपण तिच्या जागी गुणांची खैरात स्वीकारली, कारण वसतिगृहापेक्षा खैरात स्वस्त पडते, आणि सरकारलाही ती परवडते.

येथे कायद्याची एक फट लक्षात घ्या. शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतच लागू आहे. हंगामी वसतिगृहांची व्यवस्थाही मुख्यतः त्याच वयाचा विचार करून झाली. म्हणजे मूल आठवीपर्यंत आजीजवळ राहून कसेबसे शिकते, आणि ज्या वर्षी अभ्यास खऱ्या अर्थाने अवघड होतो, त्याच वर्षी त्याच्या डोक्यावरचे छप्पर निघते. २०२१ साली शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आणली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, असा तिचा संकल्प. योजना चांगली आहे. संकल्पातले वसतिगृह आणि मुलाला मिळणारी खाट यांत किती अंतर पडते, ते मोजण्याचे काम मात्र आपले होते. आपल्यापैकी किती जण तालुक्याच्या वसतिगृहात जाऊन खाटा मोजून आले? टोळ्या निघण्याच्या आधी प्रवेश पूर्ण झाले पाहिजेत. टोळी गेल्यावर यादी लागून काय उपयोग?

मुलींच्या बाबतीत तर खाट हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. आईबाप कारखान्यावर, घरी एकटी पोर. त्यापेक्षा उजवून टाकलेली बरी, आणि लग्न झाले की नवा कोयता तयार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा चाळीसहून अधिक स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. नववीतली मुलगी भूमितीत कच्ची आहे की पक्की, हा प्रश्न अशा घरात कोणी विचारीतच नाही. मात्र माझा अनुभव असा, की ज्या मुलीने परीक्षा स्वतःच्या बळावर दिली आणि ज्या मुलीला तिच्या बाईंनी 'तू बारावी करणार आहेस' असे चारचौघांत सांगितले, तिच्या लग्नाची बोलणी पुष्कळदा एक-दोन वर्षे पुढे ढकलली गेली. एखाद्याने अपेक्षा बाळगणे, हेही एक संरक्षण असते.

शेजारच्या लातूरचे उदाहरण नेहमी दिले जाते. सतत सराव, सतत चाचण्या. मुलांनी तिथे कष्ट उपसले, यात शंका नाही. पण त्या कष्टांना पुढे बाजाराने गाठले. खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात नाव आणि शहरातल्या शिकवणीत शरीर, असा प्रकार आता सर्रास दिसतो. तेथे वर्गात न बसणारा श्रीमंताचा मुलगा आणि येथे वर्गात बसू न शकणारा मजुराचा मुलगा, दोघांच्या हजेरीचे रकाने मात्र सारखेच भरलेले!

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे ज्ञान, नीती आणि आरोग्य. कुणब्याच्या पोरासाठी ही यादी काही तोकडी नव्हती, आणि त्याच निवेदनात शिक्षक चांगला हवा, त्याला पगार चांगला हवा, असेही त्यांनी मागितले. कर्मवीरांच्या वसतिगृहांतली मुले शेतात राबत. परंतु तेथे श्रम शिक्षणासाठी होता. आजच्या फडावर शिक्षण श्रमासाठी सोडले जाते. 'कमवा आणि शिका' म्हणत जे या दोहोंची गल्लत करतात, त्यांना एकदा जानेवारीत फडावर घेऊन जा.

आता कामाचे बोलू. मी राहतो तेथील समाजमंदिरात गेल्या वर्षापासून संध्याकाळी सात ते नऊ नववी-दहावीची मुले बसतात. दिवा आहे, फळा आहे. वह्या रोज तपासल्या जातात आणि ज्याने लिहिले नाही, त्याला घरी सोडले जात नाही. सुरुवातीला वीस मुले होती, महिन्याभरात नऊ उरली. आता सतरा आहेत. ऑक्टोबरमध्ये यांतली आठ मुले टोळीबरोबर जातील, अशी चिन्हे आहेत. त्यांच्यासाठी तालुक्याला अर्ज दिले आहेत आणि सोमवारी मी पुन्हा जाणार आहे. बरोबर कोणी येणार असेल तर एसटी सकाळी सव्वासातची आहे. इंग्रजी मी कसेबसे निभावतो. बीजगणित नीट शिकवू शकेल आणि मुलांना उत्तर सांगून टाकण्याचा मोह आवरू शकेल, असा एक माणूस मला हवा आहे. जेवणाच्या सुट्टीत मी त्या लिंबाखाली बसेन. नावे तिथे द्यावीत.