स्वल्पविरामाचे अर्थकारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मुद्रिते तपासण्यात ज्यांची उमेद गेली, अशा संपादकांना रस्त्यावरील पाट्याही सुखाने वाचता येत नाहीत. ‘दुध’ किंवा ‘शुध्द’ दिसले की त्यांच्या कपाळाला आठी पडते. हा वैताग खोटा नाही; पण तो कोणावर काढावा, याचा विचार आपण केला पाहिजे. ‘दुध’ लिहिल्याने गवळ्याचे माप कमी होत नाही आणि गिऱ्हाइकाची फसगतही होत नाही. ज्याला शाळा अर्ध्यावर सोडावी लागली, त्याच्या ऱ्हस्वदीर्घाला हसणे ही सुसंस्कृतपणाची खूण नव्हे.

मात्र एवढ्यावरून शुद्धलेखन म्हणजे मूठभर पांढरपेशांचे सोवळे, असा निष्कर्ष काढणेही घातक ठरेल. अमेरिकेतील मेन राज्याचे उदाहरण पाहा. आठवड्यात ४० तासांहून अधिक काम केल्यास दीडपट वेतन द्यावे, असा तेथील कायदा. नाशवंत अन्नपदार्थांसंबंधीची काही कामे त्यातून वगळलेली होती. त्या कामांच्या यादीच्या शेवटी ‘किंवा’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे प्रश्न उभा राहिला : ‘पाठवणीसाठी बांधणी’ आणि ‘वितरण’ ही दोन निराळी कामे, की ‘पाठवणी किंवा वितरण यांसाठी बांधणी’ हे एकच? ओकहर्स्ट डेअरीचे चालक माल पोहोचवीत, बांधीत नसत. दुसरा अर्थ खरा मानला, तर जादा वेतनावर त्यांचा हक्क होता. खालच्या न्यायालयात ते हरले. मार्च २०१७ मध्ये अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरविले आणि संदिग्धता असेल तेथे वेतनाचा कायदा कामगारांच्या बाजूने वाचावा, असा निर्णय दिला. २०१८ साली ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली.

कथा येथे संपत नाही. त्या निकालानंतर २०१७ मध्येच विधिमंडळाने यादीत अर्धविराम घालून ‘वितरण’ हे स्वतंत्र काम असल्याचे स्पष्ट केले. वाक्य निर्दोष झाले आणि पुढच्या चालकांचा हक्क गेला! तेव्हा व्याकरण कोणाचाही कैवारी नसतो; जो लक्ष ठेवतो, त्याच्या ते कामी येते.

आपल्याकडील करारात एखादे वाक्य येते : ‘हंगामी कामगार व चालक यांना भत्ता मिळणार नाही.’ कायम चालकाला भत्ता मिळणार की नाही? ‘हंगामी कामगार व हंगामी चालक’ असे लिहिले असते, तर एका शब्दाच्या खर्चात पुढचा तंटा टळला असता. पण मसुदा व्यवस्थापनाने लिहावा आणि आपण घाईने सही करावी, ही आपली रीत आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाखेत एक तरी कार्यकर्ता असा असावा, की जो परिपत्रक, करार, नोटीस मोठ्याने वाचील आणि प्रत्येक वाक्यापाशी विचारील, ‘याचा दुसरा अर्थ निघतो काय?’ दुसरा अर्थ निघत असेल, तर सही करण्यापूर्वी ते वाक्य बदलून घ्यावे. संपादकाचा वैताग पाटीवरून उचलून करारावर आणला, तर तो चळवळीच्या उपयोगी पडेल.