दिव्यांग बालकांचे शिक्षण व आपला समाज

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आम्ही मॅट्रिक होऊन अध्यापन विद्यालयाची दोन वर्षे काढली आणि पुढे छत्तीस वर्षे बीड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या प्राथमिक शाळांतून खडू झिजविला. विद्वत्तेचे भाषण आमच्याने होणार नाही. तथापि एका गोष्टीची टोचणी आमच्या मनास पुष्कळ वर्षे लागून राहिली आहे. ती या वयात आपल्याच माणसांपुढे उघड करावी असे वाटले.

आताच गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. नाव आणि शेकडा गुण वाचले जात होते, टाळ्या पडत होत्या, मातापित्यांचे चेहरे फुलले होते. आम्हीही टाळ्या वाजविल्या. परंतु ती यादी ऐकत असता आमच्या मनात दुसरीच एक यादी उभी राहिली. त्या यादीतील मुले उत्तीर्णांत नाहीत आणि अनुत्तीर्णांतही नाहीत. कारण ती परीक्षेपर्यंत पोहोचलीच नाहीत. डोळ्यांनी अधू, कानांनी बहिरी, पायांनी पांगळी, बुद्धीने सावकाश चालणारी अशी ही मुले आपल्या समाजात नाहीत काय? आहेत. ती ओसरीमागच्या खोलीत आहेत, शेतावरच्या वस्तीत आहेत, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत आहेत. आपल्या स्मरणिकेच्या पानांत मात्र ती कोठेच नाहीत.

प्रथम आमचाच अपराध सांगतो. सेवेच्या आरंभी बालाघाटाच्या डोंगरातील एका एकशिक्षकी शाळेवर आमची नेमणूक होती. तिसरीत एक मुलगा होता. सातचा पाढा विचारला तर भलताच पाढा म्हणे. पुस्तक काढ म्हटले तर पाटी पुढे करी. आम्ही त्यास ‘ठोंब्या’ म्हणू लागलो. गुरुजी म्हणतात म्हणून वर्ग म्हणू लागला, आणि वर्ग म्हणतो म्हणून गावही. दोन-चार वेळा छडीही दिली. एके दिवशी शुद्धलेखन तपासताना आमच्या ध्यानात आले की, त्याच्यासमोर उभे राहून आम्ही जी वाक्ये सांगितली, ती त्याने बरोबर लिहिली होती; फळ्याकडे तोंड करून सांगितलेल्या वाक्यांच्या ठिकाणी पाटी कोरी होती. मुलगा आमचे ओठ वाचीत होता! लहानपणापासून त्याचे दोन्ही कान वाहत असत. कोमट तेल घालण्यापलीकडे काही उपाय झाला नव्हता. ज्यास आम्ही मूर्ख ठरविले, तो वर्गातील सर्वांत कष्टाळू विद्यार्थी होता. इतर मुलांना जे कानांनी फुकट मिळे, ते तो डोळ्यांनी कमावीत होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यास पहिल्या ओळीत, अगदी समोर बसविले. बोलताना त्याच्याकडे पाहून, सावकाश बोलू लागलो. दोन महिन्यांत तो हातच्याची बेरीज करू लागला, धडा वाचू लागला. आणि दसरा आला. मुकादमाची उचल घेतलेले आईबाप कोयता बांधून सांगली-कोल्हापूरच्या वाटेला लागले. धाकट्या भावंडांस आजीजवळ ठेवले. यास मात्र बरोबर नेले, कारण ‘बहिऱ्याला सांभाळणार कोण?’ उन्हाळ्यात तो परतला तेव्हा निम्मे विसरला होता. पुढील दसऱ्याला पुन्हा गेला, तो शाळेत परत आलाच नाही. त्याचे पहिले नुकसान आमच्या अज्ञानाने केले, आणि दुसरे त्या सहा महिन्यांच्या हंगामाने.

सज्जनहो, अपंगत्व म्हणजे पूर्वजन्मीचे पाप अशी समजूत अद्यापि आपल्या घरांतून पूर्णपणे गेलेली नाही. वस्तुतः त्याची कारणे साधी असतात. बाळंतपणात मूल गुदमरणे, कानाचा दुर्लक्षित आजार, मेंदूज्वर, अपघात, ही त्यांतील काही. एक कारण आपणांस अप्रिय वाटेल, तरी सांगितले पाहिजे. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. कोणत्याही जोडप्यांच्या शंभर अपत्यांत दोन-तीन अपत्ये जन्मजात दोष घेऊन येतात. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या विवाहात हे प्रमाण जवळपास दुप्पट होते, असे वैद्यकशास्त्र सांगते. सोयरीक जुळविताना याचा विचार व्हावा. पोलिओचा अनुभव आपल्यापुढे आहेच. आमच्या पिढीत गावोगाव त्याने लुळे पडलेले पाय आम्ही पाहिले. घरोघर डोस दिले गेले, आणि १३ जानेवारी २०११ नंतर भारतात त्या रोगाचा एकही नैसर्गिक रुग्ण आढळला नाही. जे दैवाचे मानले होते, ते माणसांच्या प्रयत्नाने हटले.

मग मूल लपवितात का? थोरल्या बहिणीचे लग्न मोडेल म्हणून. याच स्मरणिकेच्या शेवटी वधूवरांची सूची असते. त्या सूचीच्या भीतीने घरातील एक मूल पाहुणे आले की आत ढकलले जाते. त्या बालकास जी शिक्षा होते ती त्याच्या व्यंगाची नव्हे; ती आपल्या भीतीची होय.

शिकविल्याने काय होते, हे नव्याने सिद्ध करावयास नको. अमरावती जिल्ह्यातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) यांची दृष्टी नवव्या महिन्यात गेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेऊन त्यांनी विद्या मिळविली आणि शंभराहून अधिक ग्रंथ रचले. अमेरिकेत हेलन केलर ही बालिका एकोणीस महिन्यांची असता दृष्टी व श्रवण दोन्ही गमावून बसली. ३ मार्च १८८७ रोजी अ‍ॅन सलिव्हन नावाची शिक्षिका तिच्या घरी आली. या बाईंची स्वतःचीही दृष्टी अधू होती. महिनाभर त्या मुलीच्या तळहातावर बोटांनी अक्षरे काढीत राहिल्या. ५ एप्रिलला पंपाचे पाणी मुलीच्या एका हातावर पडत असता दुसऱ्या हातावर त्यांनी ‘पाणी’ हा शब्द काढला, आणि प्रत्येक वस्तूस नाव असते हे त्या मुलीस उमगले. पुढे १९०४ मध्ये ती पदवीधर झाली. परंतु आमचे म्हणणे याहून निराळे आहे. प्रत्येक अंध मूल गुलाबराव महाराज होणार नाही, आणि त्याने व्हावे अशी अटही नको. आपल्या धडधाकट मुलांपैकी किती जण ज्ञानेश्वर होतात? तरी आपण त्यांना शाळेत घालतोच ना? शिकण्याचा अधिकार असामान्य बुद्धीवर अवलंबून नाही.

आता प्रत्यक्ष शिकविण्याविषयी. आपल्या समाजात शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत, म्हणून अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो. कमी ऐकू येणाऱ्या मुलाशी बोलताना खिडकीचा उजेड आपल्या चेहऱ्यावर पडावा, पाठीवर नव्हे. पाठीवर उजेड असला की ओठ अंधारात राहतात. कमी दिसणाऱ्या मुलास फळ्याजवळ बसवावे आणि अक्षर ठसठशीत काढावे. अंध मुलास चिंचोक्यांनी मोजणी शिकविता येते, आणि लेखन-वाचनासाठी सहा ठिपक्यांची ब्रेल लिपी आहे; भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ मध्ये निश्चित झाली. काही मुले तोंडाने हुशार असतात, पण वाचताना ‘घ’ व ‘ध’ किंवा ‘भ’ व ‘म’ यांत फसतात, वेलांटी भलत्याच बाजूस देतात. हा आळस नव्हे; ही अध्ययन-अक्षमता होय. त्यांना एकच धडा दहा वेळा लिहावयास लावणे म्हणजे लंगड्यास अधिक पळविण्यासारखे आहे. वाळूच्या ताटात बोटाने अक्षर गिरवून घ्यावे आणि तोंडी उत्तरासही मोल द्यावे. बुद्धीने सावकाश असलेल्या मुलाचे काम लहान तुकड्यांत वाटावे. सदऱ्याची गुंडी लावणे हे आपणांस एक काम वाटते. त्याच्यासाठी ती पाच कामे असतात. आठवडी बाजारातून दहा रुपयांचे मीठ आणून उरलेले पैसे बरोबर परत आणणे, ही त्याची शालान्त परीक्षा समजावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलास त्याच्या नावाने हाक मारावी. सरकारी कागदावरचा शब्द ‘अपंग’ होता, तो ‘दिव्यांग’ झाला, हे ठीकच झाले. परंतु गावात जर ‘बहिऱ्या’ अशीच हाक येत राहिली, तर कागदाचा काय उपयोग?

कायद्याचेही पाठबळ आता मोठे आहे. आमचे आजोबा-पणजोबा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिले. धडधाकट मुलास मायबोलीची शाळा मिळणेही तेव्हा कठीण होते. आज तसे नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले, आणि हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. शेकडा ४० वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत अथवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, यांची तरतूद त्याच अधिनियमात आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या सूचनांनी हा जादा वेळ तासामागे किमान वीस मिनिटे ठरविला होता. ज्या बालकास अंथरुणावरून हलताच येत नाही, त्यास घरी शिक्षण मिळण्याचा मार्ग शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने मोकळा केला.

परंतु या बहुतेक सवलतींची किल्ली एकच आहे. ती म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र. आणि येथेच आपल्या जिल्ह्याची खरी अडचण आहे. प्रमाणपत्रासाठी मुलास घेऊन शासकीय रुग्णालयात जावे लागते, तपासण्यांसाठी पुन्हा जावे लागते. आपल्या जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसे ऊसतोडीस जातात. ज्या घराचे कर्ते दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत परजिल्ह्यात अथवा कर्नाटकात असतात, त्यांनी रुग्णालयात जावे केव्हा? म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे एवढेच आहे की, या मुलांचे जे काही करावयाचे ते दसऱ्यापूर्वी करावे.

याकरिता मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो.

पहिली : प्रत्येक तालुक्यात एक बंधू व एक भगिनी यांनी नागपंचमी ते पोळा या काळात समाजाच्या घरी जाऊन अशा मुलांची नोंद करावी. ही नोंदवही छापू नये, सभेत वाचू नये. दोघांच्या विश्वासात ठेवावी, म्हणजे सोयरिकीच्या भीतीने कोणी दार लावणार नाही. पोळ्यानंतर दसऱ्यापर्यंत या मुलांस रुग्णालयात नेण्याचे काम मंडळाने अंगावर घ्यावे. गाडीभाड्याचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून पहिल्या वर्षी देऊ.

दुसरी : आईबाप तोडीस गेले तरी हे मूल फडावर जाऊ नये. आजी-आजोबा असतील तर त्यांच्याजवळ, हंगामी वसतिगृह असेल तर तेथे, नाहीतर समाजातील एखाद्या घरी त्याची सोय व्हावी. सुट्टीत आपल्या घरी चार पाहुणे जेवतात. सहा महिने एक मूल जेवल्याने कोणाच्या कणगीतील ज्वारी सरणार नाही.

तिसरी : पुढील वर्षापासून गुणगौरवात शेकडा गुणांखेरीज आणखी एक मान ठेवावा. जो विद्यार्थी जेथून निघाला तेथून सर्वांत अधिक चालला, त्यास तो द्यावा. तो कोण हे त्याच्या शिक्षकांनी ठरवावे. आणि पुढील संमेलन तळमजल्यावर घ्यावे. आजचे सभागृह वरच्या मजल्यावर आहे. पायाने अधू असलेला आपला एखादा मुलगा मान घेण्यास येथे चढून येणार कसा?

शेवटी त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले ते सांगून आटोपतो. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात आम्ही केजच्या बसस्थानकावर उभे होतो. एक केस पिकू लागलेला गृहस्थ आला आणि त्याने पायांस हात लावला. मग आमचा हात धरून त्याने आम्हांस उन्हाकडे वळविले, व स्वतः अगदी समोर येऊन उभा राहिला. आम्ही तत्क्षणी ओळखले. चाळीस वर्षांपूर्वी पहिल्या ओळीतून तो आमच्याकडे असाच पाहत असे. तीस हंगाम त्याने ऊस तोडला होता. बरोबर पाच वर्षांची नात होती. तो म्हणाला, “गुरुजी, नातीला बी माझ्यावानीच होतंय का काय? हाक मारली तर वळतच नाही. एकदा बघा.”

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघे रुग्णालयात गेलो. तिचाही कान वाहत होता. उपचार वेळेवर सुरू झाला. कान सुकला, आणि तिला आता चांगले ऐकू येते. त्या वर्षी तिचे आईबाप तोडीस गेले, ती आजोबांपाशी राहिली आणि पुढे शाळेत गेली. आजोबांसाठी जे आमच्या हातून झाले नाही, ते नातीसाठी झाले, ते केवळ दसऱ्यास पंधरा दिवस उरले होते म्हणून.

यंदाचा दसरा यावयाचा आहे. आपल्या शेजारच्या घरात, कदाचित आपल्याच घरात, हाकेला न वळणारे एक मूल असेल. त्याच्यासमोर, उजेडात उभे राहा.