ऊन, पंख आणि पाच अश्वशक्ती

वैशाखातल्या दुपारी यवतमाळजवळच्या एखाद्या टेकडीवरून आपण आकाशाकडे पाहिले असेल, तर घार नजरेस पडलीच असेल. पंख न हलवता ती चकरा घेत वर वर जाते. तापलेल्या मुरमाड जमिनीवरून गरम हवेचा झोत उठतो, त्यावर ती स्वार होते. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रातले वैमानिकही बिनइंजिनाच्या विमानात हेच करीत आले.

दारव्ह्याकडच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, आपल्याकडं एवढं ऊन तापते, मंग उन्हावरच विमान काहून उडत नाही?” त्याच्या वडिलांच्या शेतात पाच अश्वशक्तीचा सौरपंप आहे. वर्ग हसला. मला मात्र फळ्यापाशी जावे लागले.

हिशेब असा. दोन माणसांसह 500 किलोंचा मोटर-ग्लायडर घ्या. चांगला ग्लायडर एक मीटर खाली येईतो 40 मीटर पुढे जातो. म्हणजे हवेचा विरोध वजनाच्या चाळिसाव्या भागाइतका, साडेबारा किलो. ताशी 90 किलोमीटर वेगाने सरळ उडत राहायला 3 किलोवॉट पुरतात. मोटर आणि पंखा यांतली तूट धरून 4 म्हणा. शेतातल्या पंपाहून हे फारसे अधिक नाही!

पण पंपाचे पॅनेल पसरायला धुऱ्यावर जागा असते. ग्लायडरच्या पंखांवर 10 चौरस मीटर मिळाले, तर भर दुपारी जेमतेम 2 किलोवॉट हाती येतात. आणि वर चढायचे म्हटले, तेही सेकंदाला अवघे 2 मीटर, की 17 किलोवॉट लागलेच. 500 मीटर उंची चारेक मिनिटांत गाठली, तर वीज खर्च होते सव्वा युनिट. घरच्या मीटरवर ही किरकोळ गोष्ट. पण ती चार मिनिटांत हवी, गोम तिथे आहे. म्हणून बॅटरी. पुढे मोटर बंद करून घारीसारखे तरंगत राहिले, तर पाऊणएक तासात ऊन ती भरून काढते.

निव्वळ उन्हावर कोणी उडलेच नाही, असे मात्र नाही. मार्च 2015 मध्ये ‘सोलर इम्पल्स 2’ मस्कतहून अहमदाबादला उतरले. पंखांचा विस्तार 72 मीटर, वजन 2300 किलो, सौरघट 17 हजारांवर. आणि न्यायचे किती, तर एक माणूस! त्याच जुलैत जपानहून हवाईला जाताना बॅटऱ्या तापून बिघडल्या आणि पुढची फेरी एप्रिल 2016 पर्यंत अडली.

“म्हंजे ढग आला का आमच्या पंपासारखंच,” विद्यार्थी म्हणाला. तसे नाही. पंप थांबला की पाणी थांबते. मोटर थांबली तरी शांत हवेत ग्लायडर 500 मीटरवरून 20 किलोमीटर जाऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी त्याने पंपाचे पॅनेल मोजून आणले. क्षेत्रफळ 24 चौरस मीटर. काच आणि चौकट धरून वजन काढले, ते अडीचशे किलोंच्या वर गेले. म्हणजे निम्मा ग्लायडर.