पिस्टन कुठे आहे, हे ईसीयूला कोण सांगतं?

आज कोडिंग नाही, आज गाडी.

मी सध्या ऑफिसात बसून बॅकएंड लिहितो, पण बीटेकची तीन वर्षं मी कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये ईसीयू सांभाळायचो. आजचा विषय आहे क्रँक आणि कॅम सेन्सर. हे दोन सेन्सर बसवताना मी एक घोळ घातला होता आणि त्याचं खापर दुसऱ्याच माणसावर फुटलं. तेही सांगणार आहे.

आधी बेसिक. ईसीयूला डोळे नसतात. पिस्टन वर आहे की खाली, त्याला काहीच दिसत नाही. म्हणून क्रँकवर एक दातेरी चाक लावतात आणि समोर सेन्सर. आमचं चाक होतं ३६ उणे १. म्हणजे ३६ दातांची जागा, त्यातला एक दात मुद्दाम कापलेला. दोन दातांमध्ये १० अंश. रिकामी जागा आली की ईसीयूला कळतं, फेरा इथून मोजायचा.

मग कॅम सेन्सर कशाला? कारण फोर स्ट्रोक इंजिनचं एक चक्र ७२० अंशांचं, म्हणजे क्रँकचे दोन फेरे. आमचं ६०० सीसीचं चार सिलिंडर इंजिन. त्यात एक आणि चार नंबरचे पिस्टन एकत्रच वर येतात. एक कॉम्प्रेशन करून आलेला असतो, दुसरा धूर बाहेर टाकून. क्रँकला दोघे सारखेच दिसतात. कॅम मात्र अर्ध्या वेगाने फिरतो, त्यामुळे त्याचा एक दात ७२० अंशांत एकदाच येतो. तो सांगतो, आत्ता कोणाची पाळी आहे.

आता वेग बघा. ९००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५० फेरे. त्या वेगात एक अंश फिरायला साधारण १९ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात हिशेब चुकला तर स्पार्क चुकीच्या जागी. फार आधी पडला तर इंजिन नॉक करतं, पिस्टनची वाट लागते.

सेन्सर दोन प्रकारचे. व्हीआर म्हणजे चुंबक आणि कॉइल, दोन वायरी. दात समोरून गेला की तो स्वतःच व्होल्टेज तयार करतो. स्टार्टरवर इंजिन हळू फिरतं, तेव्हा सिग्नल अगदी बारीक. वेग वाढला की मोठा. दुसरा हॉल सेन्सर. तीन वायरी, त्याला सप्लाय लागतो, पण वेग काहीही असो, सिग्नल सारखाच चौकोनी. आमच्या क्रँकवर व्हीआर होता, कॅमवर हॉल.

आता घोळ. डिसेंबर चालू होता. जानेवारीत कोइम्बतूरला, करी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत. इंजिन चालू व्हायचं, आयडल मस्त. ४००० च्या वर नेलं की खोकायचं, फटाके फोडायचं आणि लॅपटॉपवर मेसेज: सिंक लॉस. म्हणजे ईसीयूचा हिशेब तुटला.

सगळ्यांनी एकच निकाल दिला, वायरिंग. हार्नेस आमच्या एका मैत्रिणीने बनवलं होतं. ती बिचारी रात्रभर बसली. क्रँकची वायर नव्याने ओढली, शिल्डेड केबल घेतली, शिल्ड फक्त ईसीयूच्या बाजूला ग्राउंड केली. सगळं पुस्तकात असतं तसं. सकाळी इंजिन चालू केलं, परत तेच. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, इलेक्ट्रिकल दुसऱ्या कोणाला तरी द्या. ती काहीच बोलली नाही. मीपण गप्प बसलो, कारण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधल्या काकांनी विचारलं, "टायमिंग लाइट मारून बघितलीस का रे?"

नव्हती बघितली. स्क्रीनवर १० अंश दिसत होते, मग बघायचं काय?

लाइट लावली. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर लॉक केलं. १५०० ला खूण बरोबर १० वर. थ्रॉटल थोडा उघडला, तर खूण चालायला लागली! स्क्रीनवर १० च, पण लोखंडावर वेगळंच. इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधून ऑसिलोस्कोप मागून आणला. तिचा सिग्नल एकदम स्वच्छ.

मग लक्षात आलं. व्हीआरचा सिग्नल ईसीयूत चौकोनी होतो, त्याला दोन कडा असतात. आमच्या सर्किटमध्ये एक कड दाताच्या मध्याला पक्की बसायची, दुसरी व्होल्टेजप्रमाणे, म्हणजे वेगाप्रमाणे सरकायची. कुठली कड मोजायची, रायझिंग की फॉलिंग, हा सॉफ्टवेअरमधला एक ड्रॉपडाउन. तो मी ऑगस्टमध्ये अंदाजाने निवडला होता आणि विसरून गेलो होतो.

बदलायला दहा सेकंद लागली. इंजिन ९००० पर्यंत गेलं, एकही सिंक लॉस नाही.

मी ग्रुपवर लिहिलं, चूक माझ्या सेटिंगमध्ये होती, हार्नेस पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. तिने एवढंच विचारलं, "मग आधी का नाही बघितलंस?" याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

तर ज्युनियर मंडळी, क्रम लिहून घ्या.

एक, प्लग काढा आणि स्पॅनरने, हाताने इंजिन फिरवून टीडीसी शोधा. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप लावा. एका बाजूने टेकेल तिथे खूण, उलट फिरवून टेकेल तिथे दुसरी. दोघांचा मध्य म्हणजे टीडीसी. स्टार्टर अजिबात मारायचा नाही.

दोन, सेन्सर आणि दातातलं अंतर फीलर गेजने मोजा. आम्ही ०.८ मिमी ठेवलं होतं. चाक डगमगत असेल तर प्रत्येक दातापाशी अंतर बदलतं, म्हणून पूर्ण फेरा तपासा.

तीन, इंजेक्टरचा कनेक्टर काढून स्टार्टर मारा आणि टूथ लॉग बघा. ३५ सारखे दांडे आणि एक लांब गॅप दिसली पाहिजे. कॅमचा दात दोन फेऱ्यांत एकदाच.

चार, टायमिंग लॉक करून लाइट मारा, खाली आणि वर, दोन्ही आरपीएमला. खूण सगळीकडे सारखीच चुकत असेल तर ऑफसेट चुकलाय. वेगाप्रमाणे सरकत असेल तर कड तपासा. कड बदलली की ऑफसेट परत मोजायचा.

पाच, रेझिस्टर प्लगच वापरा आणि सेन्सरची वायर कॉइलपासून लांब न्या.

कोइम्बतूरला एंड्युरन्समध्ये २२ किलोमीटरच्या मध्यावर ड्रायव्हर बदलला. गरम इंजिन, दमलेली बॅटरी, स्टार्टर हळू फिरत होता. व्हीआरसाठी सगळ्यात वाईट वेळ. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा चालू झालं. पिटच्या भिंतीपाशी ती माझ्या शेजारीच उभी होती. आम्ही दोघंही श्वास रोखून.

गाडीने रेस पूर्ण केली.

आज ऑफिसात काही बंद पडलं की मी दुसऱ्याचा कोड उघडायच्या आधी माझे ड्रॉपडाउन बघतो. तुम्हीही बघा. भेटूया पुढच्या भागात!