शैक्षणिक पालकत्व : दानाच्या चार कसोट्या

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)

 

वारज्यातील अनेक कुटुंबांतील मुले-मुली आज परदेशी स्थिरावली आहेत. पर्युषण पर्व जवळ आले की त्यांचा दूरध्वनी येतो आणि त्यात पुष्कळदा एक प्रश्न असतो : ‘‘पप्पा, तिकडच्या एखाद्या गरीब मुलाच्या शिक्षणाचा खर्च दरमहा उचलायचा आहे. कोणती संस्था चांगली?’’ भावना उदात्त आहे. परंतु वडिलांकडे उत्तर तयार नसते. मग ओळखीच्या कुणीतरी सुचविलेले नाव कळविले जाते आणि पुढे त्या दानाचे काय झाले हे ना पाठविणाऱ्याला कळते, ना सुचविणाऱ्याला.

दूरदेशीच्या दात्याने येथील मुलांचा भार उचलावा, ही गोष्ट पुण्याला नवी नाही. पंडिता रमाबाईंच्या कार्यासाठी १८८७ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याच्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. पुढल्याच वर्षी ते पुण्यात आले. धर्मशिक्षणाच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार त्यापासून दूर झाले. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली हिंगण्यास, म्हणजे आपल्या शेजारच्या आजच्या कर्वेनगरात आला. त्याच अण्णासाहेबांनी सत्तरी उलटल्यावर, १९२९ ते १९३२ या काळात, युरोप, अमेरिका व आफ्रिकेचा प्रवास करून महिला विद्यापीठासाठी निधी जमविला. या दोन्ही उदाहरणांचा बोध एकच आहे : दाता आणि बालक यांच्यामध्ये समुद्र असतो, तेव्हा विश्वास आपोआप टिकत नाही, तो जाणीवपूर्वक जपावा लागतो.

हा विश्वास कसा पारखावा, याचे मार्गदर्शन आपल्या शास्त्रातच आहे. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहे की, विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चारांच्या वैशिष्ट्याने दानाचे मोल ठरते. संस्था निवडताना हीच चार कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी पात्राची. कापड पारखणारा थानाची वरची बाजू पाहून सौदा करीत नाही. तो उलट बाजू पाहतो, सूत चोळून पाहतो. संस्थेच्या माहितीपत्रकातील हसऱ्या मुलाचे छायाचित्र ही वरची बाजू होय. १९९८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ या अमेरिकी वृत्तपत्राने बाल-पालकत्व योजनांची चौकशी केली, तेव्हा काही मुले मरण पावल्यानंतरही त्यांच्या नावाने दात्यांकडून पैसे घेतले जात होते, हे उघड झाले. म्हणून उलट बाजू पाहावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये किंवा अन्य योग्य कायद्याने संस्थेची नोंदणी आहे काय? लेखापरीक्षित हिशेब मागताच दाखविले जातात काय? मुले वसतिगृहात ठेवून त्यांचा सांभाळ होत असेल, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ खालील नोंदणी आहे काय? आणि सर्वांत मोलाचा प्रश्न : पाच वर्षांपूर्वी दाखल झालेल्या मुलांपैकी आज किती शिकत आहेत?

दुसरी कसोटी द्रव्याची. द्रव्य न्यायोपार्जित असावे, तसेच ते योग्य मार्गाने यावे. भारतीय पारपत्र कायम असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम कायद्याने परदेशी देणगी ठरत नाही. परंतु ज्याने अमेरिकेचे वा अन्य देशाचे नागरिकत्व घेतले, त्याची देणगी, तो आपलाच मुलगा असला तरी, परदेशी ठरते. ती केवळ परदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी वा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच स्वीकारता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतील खात्यातच प्रथम जमा व्हावी लागते आणि एका संस्थेने ती दुसरीकडे वळविण्यास मनाई आहे. ‘‘आमच्याकडे नोंदणी नाही, पण दुसऱ्या संस्थेच्या नावाने घेऊ,’’ असे कुणी म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा.

तिसरी कसोटी विधीची. बालकाचे शिक्षण हे एका दिवसाचे अन्नदान नव्हे. ते दहा-बारा वर्षांचे व्रत आहे. ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ या अमेरिकी ख्रिस्ती संस्थेच्या पालकत्व योजनेचा भारतासह सहा देशांत अभ्यास झाला. मदत मिळालेली मुले एक ते दीड वर्ष अधिक शिकली, असा त्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे अशा मदतीचे फळ खरे आहे. तथापि याच संस्थेला भारतात निधी पाठविण्यास सरकारी परवानगी न मिळाल्याने मार्च २०१७ मध्ये येथील काम थांबवावे लागले आणि लाखाहून अधिक मुलांची मदत तुटली. म्हणून संस्थेला आधीच विचारावे : दाता थांबला अथवा परदेशी निधी बंद पडला, तर या मुलाची फी कोण भरील? ज्या संस्थेकडे याचे उत्तर आहे, ती निवडावी.

अशा दीर्घ व्रताचे उदाहरण आपल्या जवळच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त झाली. श्री. शांतिलालजी मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे बाराशे मुले पुण्यास आणली आणि वाघोलीच्या प्रकल्पात त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. वृत्तपत्रांतून भूकंपाची बातमी मागे पडली, तरी मुलांचे ताट आणि पाटी मागे पडली नाही. पुढे आदिवासी भागांतील मुलेही तेथे आली. दानाचे सातत्य म्हणतात ते हेच.

चौथी आणि सर्वांत कठीण कसोटी दात्याची. दरमहा रक्कम देणाऱ्याला वाटते की, मुलाने पत्र लिहावे, छायाचित्र पाठवावे, आभार मानावेत. परंतु ज्या बालकाला दर महिन्याला कृतज्ञता सिद्ध करावी लागते, त्याचे शिक्षण होते, पण मान ताठ होत नाही. आपल्या परंपरेत गुप्तदानाला श्रेष्ठ मानले, ते याचसाठी. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास कायद्यानेही मनाई आहे. भेटीस गेलेल्या दात्याला एखाद्या संस्थेने मुलाशी एकांतात बोलू दिले नाही, तर तो अपमान समजू नये. तो त्या संस्थेच्या सचोटीचा पुरावा समजावा. त्याचप्रमाणे, मदतीच्या बदल्यात मुलाने धर्म बदलावा असे इतरांनी करू नये अशी आपली अपेक्षा असेल, तर आपल्या मदतीलाही जातिधर्माची अट असता कामा नये. अनुकंपादानात दुःख पाहावयाचे असते, आडनाव नव्हे.

आता त्या दूरध्वनीकडे वळावयाचे. परदेशातील मुलाकडे द्रव्य आहे, पण तो दूर आहे. वारज्यातील आई-वडिलांकडे वेळ आहे आणि संस्था एका दिवसाच्या अंतरावर आहेत. त्यांनी नाव सुचवून थांबू नये. स्वतः जावे, मुलांच्या पंगतीला बसावे, स्वयंपाकघर व स्वच्छतागृह पाहावे, हिशेबाचे पुस्तक उघडावे आणि वर्षातून एकदा पुन्हा जावे. द्रव्य तिकडून यावे, डोळस सेवा इकडून घडावी. मग ते दान एका घराचे न राहता दोन पिढ्यांचे होईल.

पन्नास वर्षे समाजाने या ट्रस्टवर विश्वास ठेवला, तो चोख हिशेबामुळे आणि निरपेक्ष सेवेमुळे. तोच निकष आपण इतरांना लावावा आणि एखाद्या अनोळखी बालकाचा पाटीपासून पदवीपर्यंतचा प्रवास निर्विघ्न व्हावा, हीच जिनेश्वर चरणी प्रार्थना. जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेन्द्र.