दंडावरील वण



मी कापडाचा व्यापारी; वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु सुईने मला जे शिकविले, ते आपणांपुढे प्रांजळपणे मांडतो.

माझ्या दंडावर देवीच्या लसीचे दोन वण आहेत. लहानपणी सेलूत ‘देवी डॉक्टर’ आले की आम्ही मुले धान्याच्या कोठीमागे दडत असू. आजीने मला ओढून त्यांच्यापुढे उभे केले, कारण देवीने गेलेली मुले तिने पाहिली होती. हिंदुस्थानात ही लस प्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. देशातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले.

याच सुईची दुसरी बाजूही आमच्या घराने पाहिली. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांचा असताना त्याला ताप आला. डॉक्टरांनी नुसते औषध दिले, परंतु “सुई दिल्याविना ताप कसा उतरेल?” असा आग्रह बाबूजींनी धरला. इंजेक्शन दिले गेले. दोन दिवसांत त्याच पायातील शक्ती गेली. तो पोलिओ होता. पोलिओचा विषाणू शरीरात असताना स्नायूत इंजेक्शन दिल्यास त्या अवयवास पक्षाघात होण्याचा धोका वाढतो, हे पुढे मला एका तज्ज्ञांनी सांगितले. भावाचा पाय सुईने गेला की तो जाणारच होता, हे कोणीही सांगू शकत नाही. बाबूजींनी मात्र तो दोष मरेपर्यंत स्वतःकडेच ठेवला.

१९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या दुकानाच्या ओट्यावर बूथ लागला. दोन थेंब पाजण्यासाठी मुलांना हाका मारीत भाऊ कुबडी टेकून दिवसभर उभा होता. २७ मार्च २०१४ रोजी भारतास पोलिओमुक्ततेचे प्रमाणपत्र मिळाले. त्या रात्री तो फारसा बोलला नाही.

२०१५ च्या अखेरीपासून थेंबांच्या जोडीला पोलिओची लस सुईनेही दिली जाते. माझ्या नातीला ती टोचताना तिला मांडीवर भावानेच धरले होते. ती रडली; हा हसत होता.

बंधु-भगिनींनो, साध्या तापात डॉक्टरांकडे सुईचा हट्ट धरू नका. सुई आवश्यक असेल तर ती नवी, बंद वेष्टनातील आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. लसीची तारीख मात्र एक दिवसही चुकवू नका. गिऱ्हाईक म्हणेल तेच कापड दाखविणे हा आमचा धर्म; डॉक्टरांकडे मात्र आपण गिऱ्हाईक होऊन जाऊ नये.